मेजस्थ मत्स्य-मीमांसा

बीड जिल्ह्याला ग्रंथांची वाण कधी पडली नाही. पडली ती पाण्याची. ज्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे इ. स. ११८८चा, त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईच्या डोंगरात आहे. त्याच गावात दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) पंचमहाभूतांचे पंचीकरण मांडायला घेतले, तेव्हा कागद बाजूला सारून सरळ पासोडी पसरली. एवढी परंपरा पाठीशी असताना सरकारी टेबलावर ठेवायच्या बारा लिटरच्या, वनस्पतियुक्त आणि मत्स्यसहित काचपेटीबद्दल इथल्या विद्वानांनी मौन पाळावे, हे बरे दिसत नाही. प्रस्तुत निबंध ती उणीव भरून काढण्यासाठी आहे.

शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी अशी चार अंगे सांगायची असतात. विषय वर आलाच. प्रयोजन असे की, टेबलासमोर ताटकळलेल्या माणसाला भिंतीवरच्या कॅलेंडरखेरीज आणखी काही पाहायला मिळावे. संबंध टेबलाशी. राहिला अधिकारी. तो साहेब असू शकत नाही, कारण साहेबाचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आणि त्यातही मुदतपूर्व बदली कधी येऊन पडेल याचा नेम नाही. या शास्त्राचा खरा अधिकारी म्हणजे अव्वल कारकून. त्याला कशाचीही घाई नसते, आणि घाई नसणे हेच या शास्त्राचे बीज आहे. पुढे जे काही येईल तो त्या बीजाचा विस्तार समजावा.

पूर्वसूरींचा परामर्श थोडक्यात. मासा भांड्यात पाळल्याचा आपल्याकडचा जुना दाखला मनूचा. हात धुताना ओंजळीत आलेला मासा शतपथ ब्राह्मणातल्या मनूने आधी मडक्यात ठेवला, तिथे मावेना म्हणून खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडला. पुराणांनी या मुक्कामांत विहीर, तळे आणि गंगा यांची भर घातली. भाविकांना यात अवतार दिसतो. आम्हाला लहान भांडे घेऊन पस्तावलेला पहिला शौकीन दिसतो. पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. मराठीच्या जुन्यांतल्या जुन्या ओळींपैकी काही याच ग्रंथात सापडतात आणि त्या ओळींत मत्स्यावताराचे स्तवन आहे. म्हणजे मराठी भाषा बाळसे धरत होती तेव्हाही तिच्या तोंडी मासा होता. यावर कोणाचा आक्षेप असेल तर त्याने वेगळा ग्रंथ लिहावा.

स्थानिक पुरावा याहून बळकट आहे. माशाच्या पोटी जन्मलेले मच्छिंद्रनाथ समाधीसाठी आले ते आष्टी तालुक्यातल्या सावरगावी, मायंब्याच्या डोंगरावर. आष्टी हा कायम आभाळाकडे डोळे लावून बसलेला तालुका. सगळा समुद्र मोकळा असताना मत्स्यकुळीच्या योग्याने हीच जागा का निवडावी? भाविकांचे उत्तर भाविकांपाशी. आम्ही इतकेच म्हणतो की मासा आणि कोरडवाहू जमीन यांचे वैर लोक समजतात तेवढे जुने नाही. खुद्द बीड शहरात कंकाळेश्वराचे देऊळ कुंडाच्या मधोमध, चहूबाजूंनी पाणी घेऊन उभे आहे. मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत सलाबतखानाने बांधवलेली खजाना विहीर जमिनीखालच्या नहरांतून आलेले पाणी पुढे बागांना देत राहिली, तेही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. पाण्यात दगडाची रचना करायची आणि पाणी खेळते ठेवायचे, या दोन्ही विद्या इथे टेबलांच्या आधी आल्या.

आता दासोपंतांना वंदन करून पाच भूते घेऊ.

पृथ्वीपासून सुरुवात. पेटी ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, २० उंच. तळाशी दोन सेंटिमीटर काळी माती, तिच्यावर दोन सेंटिमीटर वाळू. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ साली ग्रंथ लिहून सांगितले की डबाबंद महागडी खते नकोत, बागेतली साधी माती वाळूखाली दाबून द्या, झाडे आपले बघून घेतील. तेव्हापासून ठिकठिकाणचे शौकीन चांगल्या मातीच्या शोधात आहेत. बीडमध्ये ती पावसाळ्यात चपलांना चिकटून आपण होऊन कार्यालयात येते. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती चिकण असते आणि अन्नद्रव्ये सहजासहजी सोडत नाही, हा तिचा गुण. ओली झाली की फुगते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात, हे तिचे दोन दोष. म्हणून माती चाळावी, खडे वेचावेत, आणि दोन-तीनदा भिजवून उन्हात वाळवावी. युरिया टाकलेल्या वावरातली मात्र आणू नये. त्याचे कारण वायुप्रकरणी येईल.

वाळूला वेगळा परिच्छेद दिल्याशिवाय गत्यंतर नाही. या जिल्ह्यात वाळूचे नाव काढले की ऐकणारा आधी मागे वळून पाहतो. उत्तरेला गोदावरी, तिच्या काठी गेवराई, आणि रात्रभर चालणारे टिपर. अधिक तपशील वाचक जाणतोच. शास्त्रार्थ एवढाच की पेटीला लागणारी वाळू १.२ लिटर, आणि १०० घनफुटांचा एक ब्रास धरल्यास ती ०.०००४२ ब्रास भरते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम ४८च्या उपकलम (७) प्रमाणे विनापरवाना गौण खनिजाला बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड आहे. पण दोन तांबे वाळूचा बाजारभाव ठरवायचा कसा आणि पंचनाम्यावर पंच म्हणून सह्या कोणी करायच्या, हा मुद्दा अनिर्णित आहे. शिपाईमामांनी वाळू आणून दिली. कुठून आणली ते आम्ही विचारले नाही. विचारण्याचा प्रघात नाही. वाळू बादलीत घेऊन, वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी. निदान सात-आठ पाणी लागतात. ते पाणी झाडांना घालावे.

वाळूवर दगड. या कलेचा आचार्य जपानचा ताकाशी अमानो (१९५४ ते २०१५). मूळचा सायकलपटू, पुढे छायाचित्रकार, आणि १९८२ पासून पाण्यातली उपवने मांडणारा. दगड विषम संख्येत असावेत, एक मोठा आणि बाकीचे त्याच्या कलाने झुकलेले, आणि मोठा दगड ऐन मध्यावर कधीच ठेवू नये, ही त्या संप्रदायाची शिस्त. मृत्यूच्या थोडे आधी त्याने लिस्बनच्या सागरी मत्स्यालयात ४० मीटर लांबीचे जलवन उभारले. त्यात पाणी १,६०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या सोळा खेपा. त्याच्याकडे पाणी होते. आपल्याकडे दगड आहेत. बालाघाटाच्या कोणत्याही घाटात गाडी थांबवली की तीन काळे दगड मिळतात. आणल्यावर त्यांच्यावर लिंबू पिळावे. फेस आला तर त्यात चुना आहे असे समजून तो दगड कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवावा, आणि पाण्यात दुसरा घालावा.

आता पाणी. पेटीचा प्रकल्पीय साठा १२ लिटर. माती आणि वाळू यांचा मृतसाठा वजा केला, वर दोन सेंटिमीटर मोकळे सोडले, तर उपयुक्त साठा ८.४ लिटर राहतो, त्यातही दगड आपला वाटा घेतात. माजलगाव आणि मांजरा या प्रकल्पांचे आकडे रोज पेपरात वाचणाऱ्याला ही भाषा नवी नाही. फरक इतकाच की या प्रकल्पाचा शंभर टक्के भरल्याचा आनंद कोणत्याही दिवशी घेता येतो आणि त्यासाठी जलपूजनाला कोणाला बोलवावे लागत नाही.

बोअरचे पाणी इथे जड. हीटरची कांडी किंवा कूलरची जाळी पाहिली की त्यावरच्या पांढऱ्या थराने याची खात्री पटते. शहरातली शोभेच्या माशांची दुकाने निऑन टेट्रासारखे मऊ पाण्यातले, ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मासे गळ्यात मारतात. ते या पाण्यात खुश राहत नाहीत. उलट गप्पीला जड पाणीच मानवते. झाडांचेही तसेच. व्हॅलिसनेरिया, म्हणजे ती फितीसारखी लांब हिरवी पाती, आणि हायड्रिला या दोन्ही आपल्या तळ्यांतल्या वनस्पती. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेण्याची विद्या त्यांच्यापाशी आहे. तेव्हा गॅसची नळकांडी आणि लाल पानांची नाजूक झाडे यांच्या नादी बीडकराने लागू नये. बोअरच्या पाण्याला शिव्या देण्यात आपली एक पिढी गेली. त्याच पाण्यावर पोसणारे झाड गावच्या तळ्यात होते.

बाष्पीभवनाचे गणित मात्र पाठ असावे. पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणून पातळी एक मिलिमीटर उतरली की ६० मिलिलिटर पाणी गेले, म्हणजे टपरीवरचा एक अर्धा चहा. एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर पंखा गरगरत असताना असे किती अर्धे चहा रोज उडतात ते ज्याने त्याने पट्टी लावून मोजावे. उडते ते नुसते पाणी. क्षार मागे राहतात. तूट भरायला पुन्हा बोअरचेच पाणी घातले तर पेटीतले पाणी दिवसेंदिवस जडच होत जाईल. म्हणून तूट भरावी ती आरओच्या जारमधल्या पाण्याने, आणि आठवड्याला जे पाव पाणी बदलायचे ते बोअरच्या पाण्याने. शहराच्या नळाचे असेल तर क्लोरीन उडावे म्हणून रात्रभर बादलीत उघडे ठेवावे. पाणी ओतताना वाळूवर प्लास्टिकची पिशवी अंथरावी आणि तिच्यावर बारीक धार सोडावी. एरवी मातीचा असा काला होतो की बिंदुसरा नदीला पूर आल्याचा भास व्हावा.

पाणी आले की पाणसळही आली. सरकारी टेबलाच्या चार पायांपैकी एका पायाखाली जुन्या परिपत्रकाची घडी असते. पाणी भरलेली पेटी सतरा-अठरा किलोची. ती एका बाजूला कलली तर काचेच्या जोडावर ताण येतो. पेटीखाली थर्माकोलचा तुकडा घालावा आणि परिपत्रकाची घडी कमी-जास्त करावी. पेटी संगणकाच्या उजवीकडे ठेवावी की डावीकडे, यावर वास्तुशास्त्र ईशान्य सांगते. ईशान्येला आधीपासून लोखंडी कपाट आहे आणि कपाट हलणार नाही. विषय संपला.

तेजाचे प्रकरण छोटे आहे. झाडांना रोज सात-आठ तास प्रकाश हवा. त्याहून फार जास्त दिला की काचेवर शेवाळ चढते. राज्य शासनाची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर गेली आणि वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. हा निर्णय झाडांसाठी घेतला असावा इतका चपखल बसतो. साहाय्यकाने आल्यावर दिवा लावावा, जाताना मालवावा. मधले भारनियमन हिशेबात धरू नये, ते झाडांना विश्रांती म्हणून चालते. शनिवार-रविवार मासे उपाशी राहतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. उलट माशांचे बळी उपासापेक्षा जास्त खाऊ घातल्याने अधिक पडतात, आणि त्यात येता-जाता चिमूट टाकणाऱ्या हौशी सहकाऱ्यांचा वाटा मोठा असतो.

वायू हे या शास्त्राचे हृदय होय. मासा जे मागे टाकतो त्यातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. युरियातूनही तोच होतो, म्हणून वर ती सूचना. पाणी जितके जड-अल्कधर्मी आणि गरम, तितका हा अमोनिया जहाल. आणि बीडचे पाणी दोन्ही आहे. आता हा अमोनिया म्हणजे बारनिशीत आलेला ताजा अर्ज समजावा. पडून राहिला की विषारी. तो आधी नायट्रोसोमोनास वगैरे जिवाणूंच्या टेबलावर जातो. ते त्याच्यावर शेरा मारून नायट्राइट करतात. नायट्राइट हेही विषच. अर्जदाराला शेऱ्याने समाधान कुठे मिळते? मग ते नायट्रोस्पायराकडे पुढे जाते आणि तिथे नायट्रेट होऊन निकाली निघते. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. ते झाडे खातात किंवा आठवड्याच्या पाण्याबरोबर अभिलेख कक्षात जाते. झाडे अमोनिया थेटही उचलतात; तो लोकशाही दिन समजावा, सगळे टप्पे वगळून प्रकरण तिथेच मिटते. म्हणून झाडे भरपूर असलेल्या पेटीत मासे सुरक्षित.

खुबी अशी की नव्या पेटीत हे कर्मचारी नसतात. पदे मंजूर, पण सगळी रिक्त. दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर ते आपोआप येऊन बसतात, पण त्यासाठी चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ मासे न घालता जाऊ द्यायचा असतो. आता महाराष्ट्राचा २००५ सालचा तो कायदा काढून पाहा, ज्याच्या लांबलचक नावात बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध अशा दोन्ही गोष्टी एका दमात येतात. एका टेबलावर फाइल कामाचे सात दिवस, आणि दुसऱ्या खात्याकडे जायची नसेल तर अंतिम निर्णय ४५ दिवसांत, असे तो म्हणतो. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. जिवाणू हा कायदा न वाचता पाळतात. हा मुद्दा आम्ही पुरावा म्हणून नोंदवतो, टोमणा म्हणून नव्हे.

इथे उतावळ्याची फजिती होते. पेटी आणली त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडणारा माणूस खाजगी व्यवसायातला असतो, असे आमचे निरीक्षण आहे. आठवड्याने मासे पोट वर करतात आणि तो दुकानदाराला बोलतो. अव्वल कारकून पाणी भरतो, झाडे लावतो, आणि मग त्या पेटीकडे महिना-सव्वा महिना ढुंकून बघत नाही. त्याची ही वृत्ती लोक आळस म्हणून हिणवतात. पेटीच्या बाबतीत तिलाच शास्त्र म्हणतात.

वायूचा दुसरा भाग प्राणवायूचा. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. मे महिन्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले की ते नमस्कार करत नाहीत, हे ओळखावे. पेटीवर छोटा पंखा लावावा. पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, मग पट्टीवरचे अर्धे चहा वाढले तरी चालतील. दिवा लागून दुपार कलली की व्हॅलिसनेरियाच्या पातीच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे धरतात, एखादा सुटतो आणि सरळ रेषेत वर जातो. तो प्राणवायू झाडाने तिथल्या तिथे बनवलेला असतो. चार वाजता शिक्क्याची पेटी उघडी पडलेली असते, शाई सुकत असते, सगळा विभाग पेंगत असतो, आणि एकटी ती पाती काम करत असते.

आकाश म्हणजे पाण्याच्या वरचे दोन सेंटिमीटर. त्यावर झाकण ठेवावे, कारण गप्पी उडी मारतो.

आता निवासी. गप्पी हा मूळ व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा. त्रिनिदादच्या रॉबर्ट लेचमीर गप्पी याने नमुने लंडनला धाडले, त्याचे नाव माशाला चिकटले. विलायतेत तो शोभेचा मासा. आपल्याकडे तो आरोग्य खात्याचा मासा आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत गप्पी पैदास केंद्रे चालवतो आणि हौदांत, डबक्यांत हे मासे सोडतो. नळाला पाणी कैक दिवसांनी येणाऱ्या गावांत घरोघर पाणी साठते, त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून पुसा, असे तोच विभाग सांगतो. यातून पहिला शास्त्रीय पेच उभा राहतो: कोरड्या दिवशी टेबलावरच्या या पाण्याचे काय? उत्तर पाण्यातच पोहत असते. पेटीतल्या गप्पीसमोर एकही अळी टिकत नाही. इतर सगळे शोभेचे मासे या प्रश्नावर निरुत्तर होतात, आणि म्हणून सरकारी टेबलावर गप्पी सोडून दुसरा मासा ठेवणे आम्ही अनुचित मानतो.

दुसरा पेच नोंदवहीचा आहे. पेटीची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होईल, यात वाद नाही. पण मासे? ते जड नाहीत. उपभोग्य वस्तूंत घ्यावेत तर त्यांचा उपभोग होत नाही. आणि नोंद केलीच तर शिल्लक जुळणार कशी? गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिले देते, साधारण महिन्याला एक वीण, आणि नराची गाठ एकदा पडली की तेवढ्या पुंजीवर पुढचे काही महिने विणत राहते. नोंदवहीत मासे तीन, प्रत्यक्षात पंचवीस. पुढच्या आठवड्यात अकरा, कारण मोठे मासे पिलांना खातात. हा वाढावा आणि ही घट समजावून सांगताना लेखापरीक्षकासमोर कोणाचीही भंबेरी उडेल. शहाण्याने पदरच्या पैशाने पेटी घ्यावी, फक्त नर ठेवावेत, तेही पाच-सहा, आणि नोंदवहीकडे जाऊच नये. गप्पीचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे, म्हणजे बदलीच्या आत तो सेवानिवृत्त होतो, आणि त्याच्या जागी दुसरा घेताना बिंदुनामावली पाहावी लागत नाही.

गोगलगाय बोलावल्याशिवाय येते. दुकानातून आणलेल्या झाडाच्या पानामागे जेलीसारखा ठिपका असतो, त्यातून काही दिवसांनी राईएवढे शंख निघतात. बीडच्या माणसाला गोगलगाय दिसली की अंगावर काटा येतो, आणि तो रास्त आहे: २०२२च्या खरिपात अंबाजोगाई-केजकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपे उगवताच फस्त केली, शेतकऱ्यांनी दुबार पेरण्या केल्या, पंचनामे झाले. पण पेटीतली ही वेगळी, पाण्यातली, आणि जिवंत झाडाला सहसा हात न लावणारी. १८५०च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया एकत्र ठेवून पाहिले. मासा आणि झाड यांचे जमले, पण सडक्या पानांनी पाणी गढुळले. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी सडके खाल्ले आणि संसार मार्गी लागला. घरातल्या काचपेटीचे सबंध शास्त्र त्या तिसऱ्या पात्रावर उभे राहिले. तेव्हा ठेचू नये. फार वाढल्या तर समजावे की कोणीतरी खाणे जास्त टाकत आहे.

झाडांचे वर्गीकरण अभिलेखांप्रमाणे करता येते. अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधावा, तो महिन्याला एखादे पान काढतो आणि वर्षानुवर्षे तिथेच असतो: अ वर्ग, कायम जतन. हायड्रिला ड वर्ग, वाढली की छाटून नष्ट. खिडकीतल्या मनीप्लांटची एक फांदी मुळे पाण्यात आणि पाने बाहेर अशी सोडून द्यावी, ती नायट्रेट गटागटा पिते. जवळजवळ प्रत्येक कार्यालयात बिसलेरीच्या बाटलीत सुकत चाललेला एक मनीप्लांट असतोच. त्याचे पुनर्वसन होते.

सर्वांत गंभीर पूर्वपक्ष शेवटी घेतो. ज्या जिल्ह्यात टँकर चालतात, जिथल्या परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, धनेगावचे मांजरा धरण आटल्याने २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे टेबलावर शोभेला पाणी ठेवणे हा माज नव्हे काय? प्रश्न जोरकस आहे. उत्तर आकड्यांचे आहे. जलजीवन मिशनचे ग्रामीण प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. पेटीत एकदा भरलेले पाणी ८.४ लिटर, म्हणजे कोपऱ्यातल्या वीस लिटरच्या जारच्या निम्म्याहून कमी. आठवड्याला बदलायचे ते दोन लिटर, आणि ते नायट्रेटयुक्त असल्याने कुंडीतल्या तुळशीला साध्या पाण्यापेक्षा अधिक गुणकारी. पेटी असलेल्या त्याच कार्यालयाच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा मोटार बंद करायला कोणी उठत नाही. तिचा हिशेब आधी व्हावा, मग पेटीचा. आणि मिलिमीटरमागे साठ मिलिलिटर हे ज्याने पट्टी लावून पाहिले, तो नळ गळताना शांत बसू शकत नाही, हे आम्ही त्या कार्यालयातल्या दोन माणसांच्या बाबतीत पाहिले आहे.

प्रयोजनाकडे वळतो. २०१५ साली प्लिमथ आणि एक्सेटर विद्यापीठांच्या संशोधकांनी प्लिमथच्या मत्स्यालयात प्रयोग करून दाखवले की मासे पाहत बसल्याने लोकांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरतो. बीडमध्ये हा प्रयोग रोज होतो. अनुदान खात्यावर का आले नाही हे विचारायला शिरूर कासारहून आलेला माणूस तावातावाने टेबलाशी येतो, खुर्ची कोणी देत नाही, नजर पेटीवर पडते. तो वाकतो. काचेवर बोट ठेवतो. मासा बोटाशी येतो.

“हे कोन्त्या योजनेतून घेतलं ओ सायेब?”

“योजना नाही काका. पदरचे पैसे.”

“मंग टिकंल,” तो म्हणतो, आणि आपला कागद पुढे सरकवतो.

त्याचे काम त्या दिवशी झाले की नाही, हा प्रस्तुत शास्त्राचा विषय नाही. अर्जाचा निकाल ४५ दिवसांत लागावा हे कायद्यात आहे, आणि पेटीत तो लागतो. कार्यालयाने पेटीकडून एवढे घ्यायला हरकत नाही, असे आमचे मत आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

वाचकांना विनंती एकच. दुकानातून शेपटीवर भाळून महागडी जोडी घेण्याआधी हिवताप विभागाच्या पैदास केंद्रात चौकशी करा. मागणाऱ्याला ते गप्पी सहसा फुकट देतात. झाकणाचा डबा आपला न्यावा. आणि पेटीत मासे जास्त झाले तर ते बिंदुसरेत किंवा कुठल्याही ओढ्यात सोडू नयेत, गप्पी हा बाहेरचा मासा आहे आणि तो आपल्या लहान माशांच्या मुळावर उठतो; त्याच डब्यातून केंद्राला परत करावेत.